बंद पट्ट्यातली खेप

स्कारवोय बेट, नॉर्वे
१२ नोव्हेंबर १९९५

प्रिय अनंता,

येऊन दोन महिने झाले आणि तुला आज लिहितोय, तेव्हा पहिली दोन वाक्यं शिव्यांची आहेत असं समजून पुढे वाच.

नसीमला दर आठवड्याला लिहितो. पण तिला हवा, जेवण आणि तब्येत एवढंच. कामाचं तुला लिहायचं ठरवलंय.

बोट सोळा मीटरची आहे. माणसं दोनच, मालक यूहान आणि मी. यूहान अठ्ठावन्नचा, एकटा राहतो, दिवसाला वीस-पंचवीस शब्द बोलतो. मला घेतलं ते इंजिनासाठी. पुण्यात वीस वर्षं ज्या डिझेल इंजिनांशी झटलो, त्यांचाच हा थोरला भाऊ. आमचा कारखाना बंद पडला तेव्हा वाटलं होतं की हात फुकट गेले. तसं झालं नाही.

आता आम्ही पकडतो काय, तर मासे नाही. आम्ही समुद्रातलं जंगल ओढतो. केल्प म्हणतात त्याला. शेवाळच, पण पर्वतीच्या तळ्यातलं आठवू नकोस. माणसाच्या डोक्याच्याही वर जाणारा, काठीसारखा कडक देठ, आणि टोकाला हाताच्या पंजासारखं चिरलेलं चामड्याचं पान. खाली मुळं नाहीत, नुसती पकड; दगडाला अशी धरते की सुटत नाही. तळाला एक लोखंडी फणी सोडायची, बोटीने ओढायची, विंचने, म्हणजे यंत्राच्या रहाटाने, वर घ्यायची. एका खेपेला टनभर माल येतो. मोठी झाडं उपटली जातात, त्यांच्या सावलीतली बारकी फणीच्या दातांमधून निसटून राहतात. तीच पुढे वाढतात.

म्हणून इथे सगळ्या किनाऱ्याचे पट्टे पाडलेत. पाच वर्षांत एक पट्टा एकदाच उघडतात. बाकी चार बंद. बंद पट्ट्यात फणी टाकली तर परवाना जातो. सुकाणूपुढच्या पडद्यावर पट्ट्यांच्या रेषा दिसतात.

नसीमकडे अधूनमधून चक्कर मार. येरवड्याला जाणं तुझ्या जिवावर येतं ते माहीत आहे. तरी जा.

तुझा
हुसेन


नारायण पेठ, पुणे ३०
४ डिसेंबर १९९५

हुसेन,

तुझं पत्र मिळालं. शिव्या मिळाल्या असं समजलो.

येरवड्याला गेलो होतो. नसीमवहिनी मजेत. बालवाडीतल्या चाळीस पोरांना सांभाळून घरी आल्यावर तुझ्या लेकीला, बानूला सांभाळतात आणि वर मला विचारतात, “अनंतभाऊ, चहा की कॉफी?” आपल्या पेठेत हा प्रश्न कोणी विचारत नाही, त्यामुळे मी गोंधळलो आणि दोन्ही घेतलं.

तुझं केल्प मी रोज हाताळतो हे तुला ठाऊक आहे का? मलाही नव्हतं, श्यामलाने सांगितलं. डॉक्टर लोक दाताचं माप घेतात ती गुलाबी पावडर. पाण्यात कालवायची, साच्यात भरून पेशंटच्या तोंडात धरायची, दोन मिनिटांत घट्ट होते. ते माप माझ्याकडे येतं आणि मी त्यात प्लास्टर ओततो. उशीर केला की आकसतं आणि कवळी हलते. तिचं नाव अल्जिनेट, आणि ते निघतं तुझ्या त्या जंगलातून. म्हणजे तू तिथे उपटतोस आणि इथे सदाशिव पेठेतल्या म्हाताऱ्यांना भाकरी चावता येते. बरं वाटलं.

आमची कन्या बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. तुझं पत्र तिने माझ्याआधी वाचलं. तिचं म्हणणं असं की, तुझ्या जातीच्या केल्पचा देठ आडवा कापला तर झाडाच्या खोडासारखी कडी दिसतात, वर्षाला एक. पुस्तकात आहे म्हणे. कापून बघ आणि कळव. शिवाय त्या मुळांच्या गुंत्यात कोणते प्राणी राहतात तेही हवंय, चित्रासकट. तुला चित्र काढता येत नाही हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला काय येतं?”

अनंत


स्कारवोय
१४ जानेवारी १९९६

प्रिय अनंता,

श्यामलाला सांग, कडी आहेत. चाकूला धार लावून घेतली (शिकलगाराच्या घरात जन्मलो त्याचा एवढा तरी उपयोग) आणि देठ कापला. फिकट, गडद, फिकट. उघड्या पट्ट्यातली झाडं सहा, सात कड्यांची निघतात. एक नऊचं निघालं.

मी वही केली आहे. प्रत्येक दिवसाच्या एका खेपेतलं एकच झाड घ्यायचं. तारीख, पडद्यावरचे जागेचे आकडे, खोली, कडी किती, आणि पकडीच्या गुंत्यात काय सापडलं ते लिहायचं. लिहिणं मराठीत, आकडे इंग्रजी. एका गुंत्यात परवा दोनशे बारा जीव मोजले. किडे, गोगलगायी, नखाएवढे खेकडे, धाग्यासारख्या पायांचे तारामासे. नावं येत नाहीत म्हणून मीच ठेवली. एक खेकडा अंगावर शेवाळ चिकटवून फिरतो, तो “नटवा”. एका माशाच्या पोटाला रबरी चकतीसारखी वाटी असते, दगडाला चिकटला की लाट आली तरी हलत नाही. तो “चिकट्या”. यूहान मला हसतो, पण एक बादली त्याने माझ्या प्राण्यांसाठी वेगळी ठेवली आहे.

इथे सिग्रीद नावाची बाई येते, समुद्रजीवांची अभ्यासक. सरकारसाठी केल्पची पाहणी करते. धक्क्यावर तिने वही पाहिली. मराठी अक्षराला हात लावून म्हणाली, हे मला वाचून दाखव. तासभर वाचलं. ती म्हणाली, हिवाळ्यात कोणी अभ्यासक इथे बोटीवर जात नाही, म्हणून हिवाळ्याची नोंदच कोणाकडे नाही. लिहीत राहा.

खरी बातमी ही की यूहान सप्टेंबरात माझा करार वाढवणार आहे. तो कागद झाला की नसीम आणि बानूला आणता येईल. नसीमला कळवलंय. तू पासपोर्टच्या कामात तिला मदत कर.

श्यामलासाठी चार पानांच्या नकला सोबत आहेत. दर दोन महिन्यांनी पाठवीन.

हुसेन


नारायण पेठ, पुणे ३०
१८ फेब्रुवारी १९९६

हुसेन,

पासपोर्टचे अर्ज दिले. कचेरीत एका साहेबाने नसीमवहिनींना विचारलं, नवरा तिकडे काय करतो? त्या म्हणाल्या, “शेवाळ उपटतात.” साहेबाने मान खाली घालून शिक्का मारला.

वहिनींनी बालवाडीला कळवून टाकलं की जूनपासून येणार नाही. घरमालकालाही ऑगस्टअखेर खोली सोडते म्हणून सांगितलं. मी म्हटलं, थोडं थांबा. त्या म्हणाल्या, थांबले की त्यांचा विचार बदलतो. तुझं म्हणत होत्या की घरमालकाचं, ते मी विचारलं नाही.

श्यामलाने तुझी पानं वर्गात नेली. “नटवा” सगळ्यांना आवडला. तुझ्या चित्रातला खेकडा मात्र रिक्षासारखा दिसतो.

अनंत


स्कारवोय
६ एप्रिल १९९६

प्रिय अनंता,

मार्च वाईट गेला. सलग नऊ दिवस वारा. बोट बांधून ठेवलेली. केल्प विकत घेणाऱ्या इथल्या कारखान्याचा रोज फोन, माल कुठे म्हणून. सत्तावीस तारखेला वारा पडला पण बाहेर लाटा उंच होत्या, तेव्हा यूहानने बोट बेटाच्या मागच्या अंगाला नेली, आडोशाला. तिथे धुकं. बोटीचं पुढचं टोक दिसेना. नेमके कुठे होतो देव जाणे.

तीन खेपा घेतल्या. माल बारीक होता. तिसऱ्या खेपेत एक देठ आला, त्याला मुठीएवढा गुलाबी अंड्यांचा गोळा, आणि त्याच्या शेजारी चिकट्या. नर होता, लाल झालेला. यूहान म्हणाला, मादी अंडी घालून निघून जाते आणि नर दोन महिने राखण करतो, काही खात नाही, शेपटीने पाणी हलवत बसतो. झाड उपटून वर आलं तरी याने जागा सोडली नव्हती. मी त्याला सोडवायला गेलो तर सुटेना. शेवटी वाटीखाली बोट घालून सोडवला आणि पाण्यात टाकला. अंडी परत लावता येत नाहीत. ती तशीच मालाबरोबर गेली.

दुसरं काही विशेष नाही. सिग्रीद वही घेऊन गेली आहे, नोंदी उतरवून परत देणार. त्याआधी श्यामलासाठी मार्चच्या पानांच्या नकला करून ठेवल्या होत्या, त्या सोबत.

तुझा
हुसेन


नारायण पेठ, पुणे ३०
२६ एप्रिल १९९६

हुसेन,

पासपोर्ट आले. बानूने स्वतःचा फोटो बघून तासभर रडून घेतलं. फोटो खरोखर वाईट आहे.

चिकट्याची हकिगत मी नसीमवहिनींना वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, “त्यांनी त्याला सोडवला ना?” मी हो म्हटलं.

श्यामलाचा एक प्रश्न आहे. सत्तावीस मार्चच्या पानात तू कडी तीन लिहिली आहेस. एवढ्या पानांत तीन कधीच नव्हती, कायम सहा-सात. तिची शंका अशी की, तीन कड्यांचं झाड मोठं म्हणून वर आलं, म्हणजे ती जागा दोन-तीन वर्षांपूर्वीच ओढलेली असणार. मग ती या वर्षी उघडी कशी? मी तिला म्हटलं, काका धुक्यात मोजायला चुकला असेल. ती म्हणते, कडी मोजायला धुकं आडवं येत नाही.

अनंत


स्कारवोय
१४ मे १९९६

प्रिय अनंता,

श्यामलाला दिसलं ते सिग्रीदलाही दिसलं.

बेटामागे जाळी टाकणाऱ्या मच्छीमारांनी तक्रार केली होती की बंद पट्ट्यात कोणीतरी फणी ओढली. लहान मासे त्या जंगलात वाढतात. ते गेलं की त्यांची जाळी रिकामी. बोट कोणती ते त्यांना धुक्यात दिसलं नव्हतं. सिग्रीद माझी वही उतरवत होती. सत्तावीसच्या पानावर आली, आकडे नकाशावर मांडले, ते बंद पट्ट्याच्या आत पडले. कडी तीन. ती आधी माझ्याकडे आली, हे तिचं चांगुलपण. म्हणाली, मला हे कळवावंच लागेल, पण तुला आधी सांगते.

अठ्ठावीस मे रोजी मत्स्यखात्यापुढे सुनावणी आहे. पुरावा म्हणजे माझी वही, आणि ती मराठीत. मला विचारणार, हे तुझं लिहिणं का, आकडे बरोबर का.

यूहानने मला काहीच म्हटलं नाही. रोज बोटीवर जातो, काम करतो, परत येतो. त्याने मला नोकरी दिली, राहायला मागची खोली दिली, हिवाळ्याचा कोट दिला. त्याचा परवाना गेला तर माझा करारही गेला. मग नसीमचं येणं कसं होणार? तिने बालवाडी सोडली. खोलीही सोडते म्हणून सांगितलंय.

मी त्या दिवशी पडद्याकडे नीट पाहिलं नव्हतं, आकडे घाईने उतरवले. मी काय म्हणावं? लवकर लिही.

हुसेन


नारायण पेठ, पुणे ३०
२४ मे १९९६

हुसेन,

पत्र आजच मिळालं, आजच लिहितोय. पोस्टाने पोचेल तेव्हा पोचेल. तुझ्या बेटावर फोन कुठे करायचा हे मला ठाऊक नाही.

सरळ सांग, आकडे चुकले. परका माणूस, त्यांच्या पडद्यावर त्यांचे आकडे, धुकं, बोट हलतेय. कोणीही मानेल. एका अंकाची चूक माझ्याकडूनही होते, आणि मी तर खुर्चीवर बसून काम करतो. तुझ्या एका चुकीने कोणाचं काय बिघडतं? शेवाळ परत उगवेल. बालवाडीची नोकरी परत उगवणार नाही. तिथे दुसऱ्या बाई आल्यासुद्धा.

खरं बोलण्याची हौस ज्याला परवडते त्याने करावी. तुला परवडत नाही.

श्यामलाने तुझं पत्र वाचलं आणि माझं उत्तरही. आमचं भांडण झालं. तिचा कागद सोबत घालतोय, तिने घालायला लावला म्हणून. वाचून फाडून टाक.

अनंत

~

हुसेनकाका,

बाबांना तुमची काळजी वाटते म्हणून ते असं लिहितात. मी लहान आहे, मला कदाचित कळत नसेल. पण तुम्ही एक नोंद चुकली म्हणालात, तर सिग्रीदबाईंना सगळी वहीच बाजूला ठेवावी लागेल. कुठली खरी आणि कुठली चुकीची हे त्यांनी कसं ठरवायचं? आमच्या प्रयोगवहीतही एक आकडा खोटा सापडला की बाई पूर्ण वही नापास करतात. ते दोनशे बारा जीवसुद्धा जातील.

तुम्ही चुकला नसाल असं मला वाटतं. तुम्ही कडी दोनदा मोजता, प्रत्येक पानावर बाजूला बारीक खूण असते.

श्यामला


स्कारवोय
१२ जून १९९६

प्रिय अनंता,

तुमची दोन्ही पत्रं पाच जूनला पोचली. सुनावणी होऊन आठवडा झाला होता.

लांबचं टेबल, पलीकडे तिघे अधिकारी, एका बाजूला सिग्रीद, समोर यूहान. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी त्याला आजवर स्वेटरशिवाय पाहिलं नव्हतं. मधला अधिकारी चांगला माणूस होता. त्याने वही माझ्यापुढे सरकवली आणि हळूहळू इंग्रजीत विचारलं, “हे आकडे तुम्हीच वाचले?” मी हो म्हटलं. “धुकं होतं. बोट हलत होती. वाचण्यात चूक होऊ शकते?” मला बाहेर पडायला त्याने दार उघडूनच ठेवलं होतं. मी यूहानकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

मी म्हटलं, “चूक नाही.”

तो म्हणाला, “नक्की?” मी म्हटलं, “कडी दोनदा मोजली. आकडे तीनदा वाचले.”

आता तुला जे लिहिलं नव्हतं ते लिहितो. मेमध्ये मी तुला खोटं लिहिलं, एप्रिलमध्येही. कुठे होतो ते देव जाणे असं लिहिलं होतं, पण ते मलाही चांगलं माहीत होतं. पडद्यावर रेषा स्पष्ट दिसत होती आणि आम्ही तिच्या पलीकडे होतो. पहिल्या खेपेला वाटलं, यूहानच्या लक्षात आलं नसेल. दुसऱ्या खेपेला वाटलं, त्याला काही ठाऊक असेल जे मला नाही. तिसऱ्या खेपेला मी काहीच वाटून घेतलं नाही. चाकू काढला, देठ कापला, कडी मोजली आणि आकड्यांसकट वहीत लिहून ठेवलं. का लिहिलं, सांगता येत नाही. न लिहूनही चाललं असतं.

निकाल असा: यूहानचा परवाना एक सप्टेंबरपर्यंत स्थगित, वर दंड. बोट धक्क्याला. मला काम नाही. राहण्याची परवानगी एकतीस ऑगस्टपर्यंत. त्याच्या मागच्या खोलीत राहणं बरं दिसेना म्हणून गावात एका म्हातारीकडे जागा घेतली. सामान उचललं तेव्हा यूहान बाहेर आला, माझी पेटी गाडीत ठेवली, एक शब्द बोलला नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

श्यामलाला म्हणावं, वही आहे. सिग्रीदने सगळी उतरवून घेतली.

नसीमला यातलं काही सांगू नकोस. काहीतरी मार्ग काढतो, मग मीच लिहीन.

हुसेन


नारायण पेठ, पुणे ३०
२९ जून १९९६

हुसेन,

तुझा मला राग आलाय. तू खरं बोललास म्हणून नाही, ते तू केलंस, तुझं तू निस्तर. तू मला दोन पत्रांत खोटं लिहिलंस आणि त्या खोट्यावर माझा सल्ला मागितलास, याचा राग आलाय. मी तुला चूक कबूल कर म्हणून लिहिलं ते तू खरंच गोंधळला होतास असं धरून. रेषा दिसत होती हे ठाऊक असतं तर काय लिहिलं असतं? कदाचित तेच लिहिलं असतं. पण ठाऊक तरी असतं.

नसीमवहिनींना मी सांगितलं. तू नको म्हणालास तरी. त्या समोर बसून विचारतात तेव्हा माणसाला खोटं बोलता येत नाही. मला तरी आलं नाही. मी म्हटलं, काम गेलंय, तिकिटं काढू नका. त्या म्हणाल्या, “परवानगी कुठपर्यंत आहे?” मी तारीख सांगितली. “म्हणजे अजून दोन महिने आहेत,” म्हणाल्या, आणि बानूची वेणी घालायला लागल्या.

घरमालकाला मी दीड महिना वाढवून मागितला. दिला.

अनंत


स्कारवोय
११ ऑगस्ट १९९६

प्रिय अनंता,

तुझा राग बरोबर आहे. त्यावर जास्त लिहीत नाही.

जुलैत सिग्रीद आली. सरकारने तिला त्या बंद पट्ट्याची पाहणी करायला सांगितलं होतं, आम्ही ओढला तिथे नेमकं काय झालं ते बघायला. तिला एक मदतनीस हवा होता, जो गुंत्यातले जीव मोजू शकेल. मला घेतलं, तीन आठवड्यांसाठी. बोट भाड्याने लागणार होती, आणि भर हंगामात रिकामी बोट बेटावर एकच होती.

म्हणजे पुन्हा आम्ही दोघं आणि तिसरी सिग्रीद. पहिले दोन दिवस यूहान माझ्याशी इंजिनापुरतं बोलला. “तेल?” “घातलं.” तेवढंच.

तिसऱ्या दिवशी सिग्रीदने कॅमेरा खाली सोडला. छोटा पडदा होता, आम्ही तिघं त्याभोवती उभे. आधी न ओढलेली जागा आली. अनंता, मी आठ महिने ते जंगल वर ओढत होतो, पण उभं कधी पाहिलं नव्हतं. देठ सरळ उभे, पानं एका दिशेला झुकतात, मग दुसऱ्या. देठांवर लाल झालरी. मधून बोटाएवढे कॉड मासे, शेकड्याने. मग कॅमेरा पुढे सरकला आणि फणीचा रस्ता आला. खडक उघडा. काटेरी गोळ्यांसारखे जीव सगळीकडे, कोंब खात बसलेले. मध्ये मध्ये वीतभर रोपं. मासा एकही नाही. सिग्रीद म्हणाली, झाडं चार वर्षांत येतील, देठांवरचं आणि गुंत्यातलं यायला त्याहून जास्त लागतील.

यूहान पडद्यापासून हलेना. तीस वर्षं त्याने फणी ओढली, तळ त्याने पहिल्यांदा पाहिला. सिग्रीदला म्हणाला, “मागे घे.” तिने कॅमेरा परत उभ्या जंगलावर नेला. मग म्हणाला, “आता पुन्हा इकडे.”

परतताना मी सुकाणूपाशी उभा होतो. तो समोर बघत बोलला. एवढं सलग बोलताना मी त्याला ऐकलं नव्हतं.

“पहिल्या खेपेला मला कळलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला कळलं. तू पडद्याकडे बघतोयस हेही कळलं. वाटलं, हा आता बोलेल. तू बोलला नाहीस. म्हणून मी तिसरी टाकली.”

मी पडद्यावरच्या रेषेकडे बघितलं.

“बोलला असतास तर मी शिव्या दिल्या असत्या,” तो म्हणाला. “पण बोट वळवली असती.”

मी म्हटलं, “तू मालक आहेस.”

“म्हणूनच,” तो म्हणाला. “मला सांगणारं बोटीवर दुसरं कोण होतं?”

चिकट्या तिसऱ्या खेपेत आला होता.

धक्क्याला लागल्यावर मी दोर बांधत होतो. तो खाली उतरला, थोडं पुढे गेला, परत आला. म्हणाला, एक सप्टेंबरला परवाना मिळतोय, कराराचा कागद घेऊन ये, पण एका अटीवर. मला दिसलं ते त्याला तिथल्या तिथे सांगायचं. नॉर्वेजियन जमत नसेल तर ओरडायचं.

काल सही झाली. नसीम आणि बानूची कागदपत्रं सोबत पाठवतोय. नसीमला वेगळं पत्र लिहायला बसलो होतो, चार वेळा सुरू केलं. तिला तूच सांग.

हुसेन


नारायण पेठ, पुणे ३०
७ ऑक्टोबर १९९६

हुसेन,

नाही सांगितलं. कागद तेवढे दिले. बाकीचं तुझं तू सांग.

काल दोघींना मुंबईला विमानावर सोडून आलो. टॅक्सीत श्यामला पुढे, आम्ही मागे. बानूने लोणावळ्यापर्यंत समुद्रात शार्क असतात का हे अकरा वेळा विचारलं आणि मग झोपली. ती झोपल्यावर वहिनी बोलल्या.

“अनंतभाऊ, कारखाना बंद झाला ते मला कसं कळलं ठाऊक आहे?”

मी म्हटलं, हुसेनने सांगितलं असेल.

“चिठ्ठीने. मी आत भाकऱ्या करत होते, हे बाहेरच्या खोलीत बसलेले. मधे नुसता पडदा. चिठ्ठी लिहिली, पिठाच्या डब्याखाली ठेवली आणि बाहेर निघून गेले. संध्याकाळी आले ते विचारतात, वाचलीस?”

आपण दोघं चौथीपासून एका बाकावर बसलो आणि तू मला नापास झाल्याचंही पोस्टकार्ड टाकलं होतंस, घर तीन गल्ल्यांवर असताना.

“पत्रांत फार छान बोलतात हो,” वहिनी म्हणाल्या. “तुम्हाला आलेलं प्रत्येक पत्रही मी श्यामलाकडून मागून दोनदा वाचलंय. चुकलं ते लिहितात, वाईट वाटलं ते लिहितात. उशिरा का होईना, सगळं लिहितात. समोर बसले की तोंड उघडत नाहीत. मला तिकडे राहायचंय म्हणून मी जात नाहीये. इथेही माझं काही अडत नव्हतं. ते मला समोर हवेत.”

मग त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि खंडाळ्याचा घाट बघत बसल्या.

विमान अर्धा तास उशिरा सुटलं. आत जाताना बानूने हात हलवला, वहिनींनी मागे पाहिलं नाही.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा त्यांना पोचून दोन आठवडे झाले असतील. उत्तर लिहायला बसू नकोस. त्या घरातच असतील; आत जा आणि बोल.

अनंत